अनुक्रमणिका शेवटी पाहा: विज्ञानेतर विद्यार्थ्यांसाठी भूशास्त्राचं पाठ्यपुस्तक कसं निवडावं

भूशास्त्राचं पाठ्यपुस्तक निवडताना बहुतेक शिक्षक एकाच वाटेने जातात. आधी अनुक्रमणिका, मग चित्रं, मग पहिलं प्रकरण, की झाला निर्णय. भूशास्त्रातच पदवी घेणाऱ्यांच्या बाबतीत हे एक वेळ खपून जातं, कारण त्यांना पुढे आणखी बरीच पुस्तकं वाचायची असतात. इतिहास, वाणिज्य किंवा साहित्य शिकणाऱ्यांसाठी मात्र हे बहुधा भूशास्त्राचं पहिलं आणि शेवटचं पुस्तक ठरतं.

अनुक्रमणिका सगळ्यांची जवळपास सारखीच असते. पहिलं प्रकरण प्रत्येक लेखक जीव ओतून लिहितो. ज्वालामुखीचे फोटो कुठेही झकासच दिसतात. पुस्तकं वेगळी पडतात ती आतल्या पानांत, आणि नेमकी तीच पानं कुणी उघडत नाही. मग सत्र जेमतेम सुरू होतं तोच विद्यार्थी पुस्तक मिटतात आणि पुढचा सगळा कारभार शिक्षकाच्या टिपणांवर चालतो.

खाली दिलेला क्रम बदलू नका. एकेका पायरीवर पुढच्या पायरीची तपासणी उभी आहे.

## आधीची तयारी

पुस्तकांना हात लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर उतरवा.

पहिली, तास. वेळापत्रकातले तास नव्हेत, हातात खरोखर उरणारे. परीक्षा, सुट्ट्या, क्षेत्रभेट वजा करा. बहुतेक पाठ्यपुस्तकांत वीसच्या आसपास प्रकरणं असतात आणि एका सत्रात त्यातली बारा-तेरा नीट शिकवून होतात. म्हणजे पुस्तकाचा तिसरा हिस्सा तुम्ही गाळणारच आहात. हे आधीच मान्य केलं तर 'सगळं आहे' म्हणून जाडजूड पुस्तक घेण्याचा मोह सुटतो.

दुसरी, गणित. विद्यार्थ्यांना गुणाकार, टक्केवारी आणि साधा आलेख वाचणं जमतं असं धरा. लॉगरिदम विसरलेले असतात, असंही धरा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: सत्र संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे, याची सहा ते आठ वाक्यं. 'भूकंपांची माहिती होणे' असलं वाक्य कामाचं नाही. 'भूकंपाची बातमी वाचून मॅग्निट्यूड (भूकंपाची एकूण ताकद) आणि एखाद्या ठिकाणी जाणवलेली तीव्रता यांतला फरक सांगता येणे' हे चालेल. 'उतारावरच्या जागेत घर घेण्याआधी कोणते प्रश्न विचारायचे ते ठरवता येणे' हेही चालेल.

तपासा: यादीत 'समजणे', 'ओळख होणे', 'जाणीव निर्माण होणे' असे शब्द असतील तर ते वाक्य पुन्हा लिहा. अशा वाक्यावर कुठलंही पुस्तक पास होतं.

## १. पुस्तकाचा प्रकार ठरवा

प्राथमिक भूशास्त्राच्या नावाखाली चार वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मिळतात. भौतिक भूशास्त्रात खडक, खनिजं, भूकंप, नद्या, भूजल येतं. भूइतिहासात पृथ्वीचा आणि जीवसृष्टीचा कालक्रम येतो. पर्यावरणीय भूशास्त्राचा भर धोके, पाणी, खाणी, कचरा यांवर असतो. पृथ्वीविज्ञानाच्या पुस्तकात या सगळ्याच्या जोडीला हवामान, समुद्र आणि खगोल.

शेवटच्या प्रकारावर उड्या पडतात, कारण 'एकाच पुस्तकात सगळं' हे ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्यात खडकांच्या वाट्याला एखाद-दुसरं प्रकरण येतं. अभ्यासक्रमाचं नाव भूशास्त्र असेल तर ते पुरत नाही. भूइतिहास वाचायला रंजक असतो, पण थरांचं वाचन आधी येत नसेल तर विद्यार्थी फक्त युगांची नावं पाठ करतो. माझ्या मते विज्ञानेतर वर्गाला भौतिक भूशास्त्राचं, पण धोक्यांना आणि पाण्याला भरपूर जागा देणारं पुस्तक सर्वांत जास्त मानवतं.

सावधान: 'संक्षिप्त आवृत्ती' हे शब्द पाहून हुरळून जाऊ नका. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीचं मोठं पुस्तक कापून ती केलेली असेल, तर कात्री बहुतेक वेळा स्पष्टीकरणावर आणि उदाहरणांवर चाललेली असते. पारिभाषिक शब्द मात्र जसेच्या तसे. मूळ आवृत्तीतलं तेच पान शेजारी ठेवून पाहा, काय गेलं ते लगेच दिसतं.

## २. पाच-सहा पुस्तकं जमवा, पण पूर्ण

नमुना प्रकरणावर निवड करू नका. प्रकाशक नमुन्याला कोणतं प्रकरण देतील हे सांगायला नको. शिक्षकांना तपासणीसाठी पूर्ण प्रत मागता येते, ती मागा. मुक्त परवान्याचं किमान एक पुस्तक यादीत असू द्या. त्यात प्रकरणं गाळणं, क्रम बदलणं, आपली उदाहरणं घालणं शक्य असतं. मात्र परवाना वाचा: काही परवाने फेरफाराला मनाई करतात.

आवृत्तीचं वर्ष आणि पुनर्मुद्रणाचं वर्ष यांत गल्लत करू नका. कालच छापलेल्या प्रतीतला मजकूर पंधरा वर्षांपूर्वीचा असू शकतो.

## ३. अर्ध्या तासाची चाळणी

आता प्रत्येक पुस्तकातली ठरावीक पानं उघडा. बाकी काही वाचू नका.

प्रावरण, म्हणजे कवच आणि गाभा यांमधला जाड थर. भूपट्ट (पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे सरकणारे मोठे तुकडे) 'वितळलेल्या खडकावर तरंगतात' असं लिहिलंय का? प्रावरण जवळजवळ संपूर्ण घन आहे, ते फक्त अतिशय सावकाश वाहतं. भूकंपाच्या एस लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात आणि बाह्य गाभ्यापाशी अडतात. हा पुरावा पुस्तकात दिलेला असेल तर दुधात साखर. 'तरंगतात' असं असेल तर पुस्तक बाजूला ठेवा.

शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक. 'आत खूप उष्णता असते म्हणून खडक वितळतो' एवढ्यावर भागवलंय का? समुद्रातल्या मध्यवर्ती पर्वतरांगांखाली दाब कमी झाल्यामुळे खडक वितळतो. जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो तिथे पाणी मिसळल्याने वितळण्याचं तापमान खाली येतं. ही दोन्ही कारणं हवीतच.

भूकंपाचं मोजमाप. मोठ्या भूकंपांसाठी मोमेंट मॅग्निट्यूड (भ्रंशाचं क्षेत्रफळ आणि सरकण यांवरून काढलेलं) वापरतात हे सांगितलंय का? एका अंकाच्या फरकाने लहरींची उंची १० पट आणि ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, म्हणजे दोन अंकांना ऊर्जा सुमारे १,००० पट. फक्त 'दहा पट' म्हणून सोडून दिलं असेल तर विद्यार्थी ७ आणि ९ यांतला फरक कायम कमी लेखतो.

कार्बन-१४, म्हणजे एकेकाळी सजीव असलेल्या वस्तूंचं वय काढायला वापरतात तो किरणोत्सारी कार्बन. त्याचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं आणि उपयोगाची मर्यादा साधारण ५०,००० वर्षं. डायनासोरच्या जीवाश्मांजवळ त्याचं नाव दिसलं तर लेखकाने वा संपादकाने डुलकी काढली आहे.

कालमापनाचा तक्ता. क्वाटर्नरीची (सध्या चालू असलेल्या भूशास्त्रीय कालखंडाची) सुरुवात २५.८ लाख वर्षांपूर्वी ही २००९ मध्ये ठरली. तक्त्यात सुमारे १८ लाख असेल तर तो त्याआधीचा. डायनासोरांच्या अंताला ६.६ कोटींऐवजी ६.५ कोटी असेल तरी तीच गत. 'अँथ्रोपोसीन' (माणसाच्या प्रभावाचं युग) हे अधिकृत युग म्हणून छापलं असेल तर ते चूक आहे. तो प्रस्ताव २०२४ मध्ये फेटाळला गेला.

कार्बन डायऑक्साइड. औद्योगिक काळापूर्वी हवेत तो सुमारे २८० पीपीएम (दहा लाख भागांत २८० भाग) होता, आता ४२० च्या वर गेला आहे. पुस्तकात 'सध्या ३८०' असेल तर मजकूर २००५ च्या आसपासचा, 'सध्या ४००' असेल तर २०१५ च्या आसपासचा. मुखपृष्ठावर काहीही छापलेलं असो, पुस्तकाचं खरं वय इथे कळतं.

यात एक विवेक ठेवा. शिळा आकडा शिक्षक फळ्यावर एका ओळीत दुरुस्त करतो. चुकीची कल्पना अशी दुरुस्त होत नाही. विद्यार्थी परीक्षेत 'घन' लिहितो आणि मनात लाल रसाचा समुद्रच ठेवतो. म्हणून ६.५ कोटींसाठी पुस्तक बाद करू नका, प्रावरणासाठी करा.

तपासा: या पायरीनंतर तीन-चार पुस्तकं उरायला हवीत. सगळी उरली असतील तर तुम्ही पानं नुसतीच चाळलीत.

## ४. खनिजांचं प्रकरण सावकाश वाचा

या पायरीला एक पूर्ण संध्याकाळ द्या. खडक खनिजांचे बनतात, म्हणून लेखक खनिजं सुरुवातीलाच घेतो. त्याच्या दृष्टीने हे तर्कशुद्ध आहे. विद्यार्थी मात्र बहुतेक वेळा इथेच गळतो: ज्वालामुखी आणि डायनासोरांच्या ओढीने आलेला असतो आणि समोर येतात पाटन (ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटणं), चमक, कस (घासल्यावर उमटणाऱ्या भुकटीचा रंग), घनता, अणुरचना.

सलग पाच पानं घ्या आणि ठळक अक्षरांतले नवे शब्द मोजा. पानाला सरासरी तीन-चार असतील तर ठीक. सात-आठ असतील तर ते प्रकरण नसून शब्दकोश आहे. पण नुसत्या मोजणीवर थांबू नका. प्रत्येक शब्द शेवटच्या सूचीत शोधा: तो पुढे पुन्हा कामाला येतो का?

सिलिकेट चतुष्फलकाचं उदाहरण घ्या. मधे सिलिकॉनचा एक अणू, भोवती ऑक्सिजनचे चार. विज्ञानेतर विद्यार्थ्याला हे कशाला, असा प्रश्न रास्त आहे. चांगलं पुस्तक त्याचं उत्तर पुढे देतं. हे चतुष्फलक पत्र्यासारखे जोडले गेले की अभ्रकाचे पापुद्रे निघतात. चारही दिशांना घट्ट जोडले गेले की क्वार्ट्झला पाटन उरत नाही, तो काचेसारखा वेडावाकडा फुटतो. आणि शिलारसात सिलिका जास्त असली की याच जोडण्यांमुळे तो चिकट होतो, त्यात वायू कोंडतात आणि ज्वालामुखीचा स्फोट होतो. बेसाल्टच्या लाव्ह्यात सिलिका कमी, म्हणून तो सहसा शांतपणे वाहतो. एका आकृतीतून हातातला अभ्रक आणि दूरचा ज्वालामुखी असे दोन्ही उलगडले, तर ती आकृती घेण्यासारखी. चतुष्फलक चौथ्या प्रकरणात येऊन तिथेच मेला असेल, तर ती नुसती सजावट.

काठिण्याचंही तसंच. मोहच्या श्रेणीतली दहा खनिजं संगजिऱ्यापासून हिऱ्यापर्यंत पाठ करायला लावणारी पुस्तकं ढिगाने आहेत. हवं ते असं: नखाचं काठिण्य सुमारे २.५, काचेचं सुमारे ५.५. मग हातातला पांढरा दगड काचेवर ओरखडा काढतो का, ते पाहा. ७ काठिण्याचा क्वार्ट्झ काढतो, ३ काठिण्याचा कॅल्साइट काढत नाही. ही श्रेणी फक्त क्रम सांगते, अंतर नाही, हेही सांगितलेलं असावं. ९ आणि १० यांतली दरी बाकीच्या पायऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी आहे.

सावधान: मिलर निर्देशांक (स्फटिकाच्या पृष्ठांची दिशा सांगणारे आकडे), अग्निजन्य खडकांच्या वर्गीकरणाचे त्रिकोणी आलेख, मोहर वर्तुळ (खडकातल्या ताणाचा आलेख) यांपैकी काहीही मुख्य मजकुरात दिसलं तर ते पुस्तक तुमच्या वर्गासाठी लिहिलेलं नाही. चौकटीत किंवा परिशिष्टात असेल तर हरकत नाही.

## ५. काळाचं प्रकरण

इथे एकच गोष्ट पाहायची: आधी क्रम, मग वय, असं शिकवलंय का? थरांचा छेद दाखवून 'डाइक (थरांना छेदून घुसलेली, गोठलेल्या शिलारसाची भिंत) तीन थर कापते, चौथ्याला कापत नाही. मग कोण आधीचं?' असं विचारणारं पुस्तक विद्यार्थ्याला खडक वाचायला लावतं. पहिल्याच पानावर युगांचा रंगीत तक्ता देणारं पाठांतराला लावतं. अर्धायुकाल त्यानंतर आला की त्याचं काम कळतं: क्रम आपण डोळ्यांनी लावला, आता आकडे किरणोत्सारी खनिजांकडून घ्यायचे.

पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं. दशलक्ष, अब्ज, कोटी यांच्या गोंधळात विद्यार्थी सहज एखादं शून्य गमावतो. पुस्तक एकच एकक शेवटपर्यंत वापरतं का, पाहून ठेवा.

## ६. चित्रं: मजकूर झाकून पाहा

सुंदर आहेत का, हा प्रश्न नाही. मजकुरावर कागद ठेवा आणि फक्त आकृती नि तिच्याखालची ओळ वाचा. काय चाललंय ते कळलं का?

मग चार गोष्टी. खडकाच्या फोटोत मापासाठी हातोडा, नाणं किंवा माणूस आहे का? छेदात उभं माप वाढवलेलं असेल तर तसं लिहिलंय का? (नसेल तर विद्यार्थ्याला प्रत्येक डोंगर सुळक्यासारखा वाटतो.) नकाशात फक्त लाल-हिरव्या रंगावर फरक केलाय का? काहींना तो दिसतच नाही. आणि पुन्हा प्रावरण: मजकुरात 'घन' आणि चित्रात भगभगीत नारिंगी, हा प्रकार फार बोकाळला आहे. मजकूर आणि चित्र भांडले तर लक्षात चित्र राहतं.

## ७. आकडेमोड आणि प्रश्न

भूपट्ट वर्षाला काही सेंटिमीटर सरकतात. वर्षाला ३ सेंटिमीटर या वेगाने १० कोटी वर्षांत किती अंतर? ३,००० किलोमीटर. नुसता गुणाकार, पण तो स्वतः केलेला विद्यार्थी खंड सरकले यावर शंका घेत नाही. अशी उदाहरणं पुस्तकात आहेत का, आणि पहिलं पायरीपायरीने सोडवून दाखवलंय का?

पुराचं पानही उघडा. 'शंभर वर्षांचा पूर' म्हणजे शंभर वर्षांतून एकदाच येणारा, असा समज पुस्तकच पक्का करत असेल तर कठीण. त्याचा अर्थ दरवर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षं त्या काठावर राहणाऱ्याला असा पूर किमान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. ज्याला उद्या घर घ्यायचंय, त्याच्यासाठी हे पान बाकी दहा पानांपेक्षा मोलाचं आहे.

प्रकरणाशेवटचे प्रश्न दोन ढिगांत वाटा: 'व्याख्या लिहा' आणि 'का ते सांगा, ठरवा, ओळखा'. दुसरा ढीग निम्म्याहून लहान असेल तर तेवढे प्रश्न तुम्हाला बनवावे लागतील. वेळ आहे का?

## ८. विद्यार्थ्यांकडून वाचून घ्या

उरलेल्या दोन पुस्तकांतली एकाच विषयाची चार-चार पानं काढा. ज्वालामुखी नको, भूजल घ्या. चमकदार विषय कच्चं लेखनही तारून नेतो. वर्गाचे दोन गट करा, प्रत्येकाला एकेक पुस्तक. वीस मिनिटं वाचन, हातात पेन्सिल: जिथे पुन्हा वाचावं लागलं तिथे समासात रेघ.

मग पानं परत घ्या आणि दोन प्रश्न द्या. जमिनीखालचं पाणी कुठे असतं त्याचं चित्र काढा. आणि चिकणमातीत पोकळी भरपूर असूनही तिच्यातून विहिरीला पाणी का मिळत नाही? पहिल्याच्या उत्तरात जमिनीखाली नद्या आणि तळी उमटली, तर त्या पुस्तकाने कणांमधल्या पोकळीची गोष्ट पोचवली नाही. दुसऱ्याला 'पोकळ्या फार बारीक असल्याने पाणी सरकत नाही' अशा अर्थाचं काही आलं की पुस्तक पास.

सावधान: 'पुस्तक आवडलं का?' असं विचारू नका. विद्यार्थी शिक्षकाला बरं वाटेल तेच बोलतो. पहिल्या बाकावरच्या हौशी मंडळींवरही ही चाचणी करू नका, ते कुठल्याही पुस्तकातून शिकतात. आणि आधी विषय शिकवून मग वाचायला दिलंत, तर तपासणी तुमची झाली, पुस्तकाची नाही.

समासातल्या रेघा शेजारी ठेवून पाहा. एकाच परिच्छेदापाशी अनेकांच्या रेघा जमल्या असतील तर तो परिच्छेद मोठ्याने वाचा. बहुधा तिथे दोन नवे शब्द एकाच वाक्यात आलेले सापडतात.

## ९. आता अनुक्रमणिका

तयारीतली वाक्यं काढा आणि प्रत्येकासमोर प्रकरण लिहा. ज्या वाक्यासमोर काहीच येत नाही तिथे तुमचं टिपण लागेल. अशा दोन जागांपर्यंत चालतील.

मग गाळायची प्रकरणं ठरवा आणि राहिलेली त्यांच्याशिवाय उभी राहतात का, ते बघा. 'सातव्या प्रकरणात पाहिल्याप्रमाणे' असं पानोपानी येत असेल तर सातवं गाळता येणार नाही. भूपट्टांचं प्रकरण काही पुस्तकांत सुरुवातीला येतं, काहींत भूकंपांनंतर. या वर्गासाठी मी सुरुवातीचं पसंत करतो, कारण पुढचं सगळं त्या खुंटीला टांगता येतं.

विद्यार्थी राहतात तिथल्या भूरूपाला किती पानं आहेत, तेही इथेच मोजा. बेसाल्टच्या पठारावरच्या वर्गाला हिमनद्यांची दोन प्रकरणं आणि उष्ण प्रदेशातल्या अपक्षयावर (खडक जागच्या जागी झिजून सुटा होण्यावर) अर्धं पान, हा सौदा तोट्याचा.

## १०. नाव कळवण्याआधी

डिजिटल प्रत घेणार असाल तर ती किती महिने उघडते आणि इंटरनेटविना चालते का, हे विचारून घ्या. सत्र संपलं की बंद होणारं पुस्तक पुरवणी परीक्षेला बसणाऱ्याच्या काही कामाचं नाही. फोनच्या पडद्यावर आकृतीतली अक्षरं वाचता येतात का, तेही स्वतः पाहा. ग्रंथालयात ठेवायच्या प्रती आधी मागवा, यादी नंतर जाहीर करा.

जुनी आवृत्ती चालेल की नाही, हे स्पष्ट लिहून द्या. दोन आवृत्त्यांत फरक प्रस्तावनेत आणि फोटोंत असेल तर जुनी चालू द्या. मात्र मग वाचनाच्या यादीत पानक्रमांक देऊ नका, उपशीर्षकं द्या. आवृत्ती बदलली की पानं सरकतात, आकृत्यांचे क्रमांक बदलतात आणि अर्धा वर्ग भलतंच पान वाचून येतो. तिसऱ्या पायरीत सापडलेले शिळे आकडे एका कागदावर, दुरुस्तीसह, पहिल्याच तासाला वाटून टाका.